थांब, आत्ता पाणी नाही

मला सगळं माहीत होतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण नंतर लोक म्हणतात, "बिचारीला कळलं नसेल." मला चांगलं कळत होतं. मूल डायपर सोडायला कधी तयार होतं, त्याची लक्षणं कोणती, घाई केली तर काय होतं, हे सगळं मी वाचलं होतं आणि आमच्या आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इतरांना शिकवतही होते. दोनेक तास कोरडं राहतं का, चड्डी स्वतः खाली ओढता येते का, होऊन गेल्यावर नाही, तर होण्याआधी सांगतं का. कुणी घाबरून काही विचारलं की मी लांबलचक उत्तर टाईप करायचे आणि शेवटी लिहायचे, "मुलाच्या कलाने घ्या." त्यावर भराभर लाल बदाम यायचे.

माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची व्हायची होती. त्या यादीतलं तिला जेमतेम एक लागू होतं, ते म्हणजे कोरडं राहणं, आणि तेही कधीमधी. बाकी सगळ्यांसमोर फुली. पण जूनमध्ये तिचा प्लेग्रुप सुरू होणार होता, आणि प्रवेश घेताना तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "डायपर चालणार नाही हं. आमच्या मावश्या डायपर बदलत नाहीत." जूनपासूनच मला आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला जायचं होतं, तोवर निम्मे दिवस घरून काम चाले. नवऱ्याची शिफ्टची नोकरी. पोरीला दिवसभर सांभाळायला कुणी नाही. म्हणजे डायपर नाही सुटला तर शाळा नाही, आणि शाळा नाही तर माझी नोकरी नाही. तेव्हा यादी गेली खड्ड्यात. मी मोबाइलमधली ती यादी पुन्हा उघडली आणि फुल्यांच्या जागी मनातल्या मनात बरोबरच्या खुणा केल्या. चड्डी ओढता येत नाही? येईल. सांगत नाही? सांगेल.

आमची इमारत मीरा रोडला, पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या मागच्या अंगाला. उन्हाळ्यात आमची सोसायटी टाकीचं पाणी दोनदाच सोडते, सकाळी साडेसहा ते सव्वासात आणि संध्याकाळी सहा ते पावणेसात. नवीन भाडेकरू पहिले आठ दिवस कटकट करतात, मग तेही आमच्यासारखे होतात. त्या पाऊण तासात अंघोळी, भांडी, मशीन, पिंप, बादल्या सगळं उरकायचं, आणि पोटंही साफ करून घ्यायची. हो, पोटंसुद्धा. मे महिन्यात आमच्या मजल्यावरच्या मोठ्या माणसांची पोटं सोसायटीच्या वेळापत्रकाप्रमाणे चालतात आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. कमोडला एका वेळी अख्खी बादली लागते. भर दुपारी ती ओतायची म्हणजे घरातले सगळे पिंपाकडे बघतात.

तर माझ्या सुपीक डोक्यातून असं निघालं की पोरीलाही याच वेळेची सवय लावायची. सकाळी साडेसहाला एकदा, संध्याकाळी सहाला एकदा. नळ सोडलेला असतो, त्याच्या आवाजाने तिला यायला मदत होईल, धुवायला भरपूर पाणी असेल, आणि शाळेच्या वेळेआधी सगळं आटोपलेलं असेल. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी ते ग्रुपवर टाकलं. आमच्याच भागातल्या तिघीचौघींनी लिहिलं, "मस्त आयडिया." आज वाटतं, हा मूर्खपणा फक्त आम्हालाच सुचू शकतो. दुसरीकडच्या आया निदान घड्याळ तरी मुलाकडे बघून लावत असतील.

सासूबाई मेमध्ये महिनाभरासाठी परळहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. पोरीला डायपरमध्ये बघितलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. "अगं, माझ्या दोघांना मी सहाव्या महिन्यापासून पायावर बसवत होते," त्या म्हणाल्या आणि जमिनीवर पाय लांब करून बसून दाखवलंच. दोन्ही पावलं जरा अंतरावर, मधे बाळाची जागा, बाळाची पाठ आपल्या नडग्यांना टेकलेली, आणि तोंडाने शूऽऽ. "वर्षाची झाली तेव्हा दोघंही येऊन सांगत होती. तुम्ही हिला प्लास्टिकात गुंडाळून ठेवलीत, हिला ओलं म्हणजे काय ते कळणार कुठून?"

"अहो आई, तेव्हा तुम्ही दिवसभर घरी होतात," मी म्हटलं.

"होते ना. म्हणून तर चेहरा बघून कळायचं."

मला तो टोमणा वाटला. नोकरी करणाऱ्या सुनेला मारलेला नेहमीचा टोमणा. पण त्यांना खरंच कळायचं. भाजी निवडता निवडता त्या मान वर करायच्या आणि म्हणायच्या, "बघ, आता करणार ती." आणि पोरगी खरोखर खेळ टाकून कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन उभी राहायची, डोळे एका जागी लावून. ती फट तिची जागा होती. मी तिला तिथून ओढून काढायचे.

रोज सकाळी पाणी आलं की मी तिला झोपेतून उचलायचे. कमोडवर निळी छोटी सीट बसवली होती, पुढे बदकाचं तोंड. तिच्यावर तिला ठेवायचं, नळ मोठा सोडायचा, शू शू करायचं. तिचे डोळे धड उघडलेले नसायचे. ती माझ्या गळ्यात हात टाकून पुन्हा झोपायला बघायची आणि मी तिचे हात सोडवून तिला सरळ बसवायचे. वीस मिनिटं, कधी पंचवीस. बाहेर नवरा टॉवेल घेऊन ताटकळत उभा. शेवटी काही न होता तिला खाली उतरवायचं, आणि सव्वासातला पाणी गेलं की पाचव्या मिनिटाला ती त्या फटीत जाऊन चड्डीत करायची.

मला वाटायचं ती मुद्दाम करते. अडीच वर्षांचंही नसलेलं मूल माझ्यावर डूख धरून बसलंय, असं मी खरोखर मानत होते. माझा संताप मला आठवतो तसा दुसरा कुठलाच संताप आठवत नाही. मी "शी, घाण मुलगी" म्हणायचे. ग्रुपवर दुसरीने असं लिहिलं असतं तर मी तिला चार परिच्छेद ऐकवले असते. एकदा मी तिच्या मांडीवर फटका मारला. मग पुन्हा एकदा मारला. दुसऱ्यांदा तिने रडण्याआधी माझ्याकडे नीट बघितलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी दारावर एक मुलगी आली. नर्सिंग शिकत होती, गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांची चळत. लहान मुलांच्या आयांना शौचाच्या सवयीबद्दल काय माहिती असते, त्यांना काय वाटतं, याचा अभ्यास करतेय म्हणाली. उन्हाने तिचा चेहरा लाल झाला होता. मी तिला बसवलं, पाणी दिलं. पोरगी माझ्या पाठीला चिकटून उभी राहिली.

प्रश्न सोपे होते. साधारण कधी सुरू करावं? लक्षणं कोणती? जबरदस्ती केल्यास काय होऊ शकतं? मी धडाधड उत्तरं दिली. बद्धकोष्ठता होऊ शकते, मूल शी रोखून धरायला लागतं, भीती बसते. ती लिहिता लिहिता मान हलवत होती.

"ताई, चड्डीत झाल्यावर तुम्ही मुलीला कधी रागावता किंवा मारता का?"

"छे. कधीच नाही," मी म्हटलं.

"आई मालते," पाठीमागून आवाज आला.

त्या मुलीने पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी हसले. चांगलं मोकळं, खेळकर हसले. "हल्ली सगळ्यांचं हेच सांगत असते. बाबा मालतो, आजी मालते. नाटकी आहे नुसती." ती मुलगीही हसली आणि 'नाही'समोर खूण केली. उठताना म्हणाली, "ताई, या बिल्डिंगमध्ये तुमच्या एकटीचीच सगळी उत्तरं बरोबर आली." मला त्याचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झाला.

मग तो दिवस आला. मेचा शेवटचा आठवडा होता. सासूबाई दोन दिवस भाईंदर पूर्वेला त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या, नवरा ड्यूटीवर. सकाळी पाणी जेमतेम पंधरा मिनिटं आलं. इंटरकॉमवर वॉचमन म्हणाला, "मॅडम, टँकर नहीं आया है, अब शाम को ही छोडेंगे." बाथरूममधलं पिंप अर्ध्याला होतं. साडेअकराला मी कानात हेडफोन घालून ऑफिसच्या कॉलवर होते. साहेब बोलत होते आणि पुढची पाळी माझी होती.

पोरगी आली. तिने माझा कुर्ता ओढला. मी हातानेच थांब म्हटलं. तिने पुन्हा ओढला आणि अगदी स्पष्ट बोलली, "आई, शी आली."

ती पहिलीच वेळ. झाल्यावर नाही, होण्याआधी. तिने स्वतःहून, कुणी न विचारता, सांगितलं. ज्या एका वाक्यासाठी मी दीड महिना तिला झोपेतून उचलत होते ते वाक्य ती माझ्यासमोर उभी राहून बोलली. आणि मी हेडफोनचा माईक बंद करून म्हटलं, "थांब. आत्ता पाणी नाही. संध्याकाळी पाणी आलं की कर."

पाणी होतं. अर्धं पिंप होतं. पाण्याचं कारण मी पुढे केलं, कारण कॉल सोडून उठायचं नव्हतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, नवऱ्यालाही नाही.

ती शहाण्यासारखी थांबली. तिने पाय एकमेकांवर घट्ट दाबले, चवड्यांवर उभी राहिली, सोफ्याची कड धरली. तिचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला. मी ते बघत होते आणि तोंडाने कॉलवर बोलत होते. मग तिचा चेहरा हळूहळू निवळला. आतली ती ओढ निघून गेली असावी. ती माझ्याकडे बघून हसली. आईने सांगितलेलं तिला जमलं होतं ना.

संध्याकाळी सहाला पाणी आलं तेव्हा मी तिला उत्साहाने सीटवर बसवलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काही नाही, संध्याकाळी नाही. कपाटाच्या फटीतही नाही. तिसऱ्या दिवशी ती चवड्यांवर चालायला लागली. मी समजून गेले. मीच त्या नर्सिंगच्या मुलीला सांगितलं होतं की मूल रोखून धरायला लागतं. पाचव्या दिवशी तिने जेवण सोडलं आणि पोट टरटरून फुगलं.

भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळ एक जुन्या डॉक्टरीणबाई आहेत, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पोट दाबून बघितलं, औषध लिहिलं आणि म्हणाल्या, "डायपर परत लावा. सहा महिने हा विषय घरात काढायचा नाही. तिला जिथे करायचं तिथे करू दे, कपाटामागे तर कपाटामागे."

"पण डॉक्टर, पंधरा दिवसांनी शाळा सुरू होतेय."

"मग शाळा सहा महिन्यांनी सुरू करा."

मी मान डोलावली. घरी येऊन औषध दिलं आणि सीट तशीच ठेवली. माझं गणित असं होतं की औषधाने पोट मऊ होईल तेव्हा सीटवरच व्हायला पाहिजे, म्हणजे सवय लागेल. म्हणजे पुन्हा तेच. औषधाने कळ यायची तेव्हा ती किंचाळायची आणि मी तिला उचलून सीटवर दाबून धरायचे. दाबून धरायचे, दुसरा शब्द नाही. एका सकाळी झालं, दगडासारखं, आणि त्याबरोबर रक्त. तिने सीटच्या बदकाच्या तोंडाला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ती आजीला हाका मारत होती. मी समोर होते तरी ती मला हाक मारत नव्हती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. आत आल्या, मला बाजूला सारलं, पोरीला उचललं आणि तशीच, न धुता, छातीशी धरून बाहेर नेली. त्यांच्या पातळाला सगळं लागलं.

शाळा आठ दिवस चालली. रोज अकराच्या सुमारास फोन यायचा, चड्डीत झालंय, घेऊन जा. नवव्या दिवशी त्यांनीच सांगितलं की पुढच्या वर्षी बघू. जुलैत मी नोकरी सोडली. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी मी हे केलं त्या दोन्ही गेल्याच. ग्रुपवर मी लिहिलं, "मुलीला वेळ द्यायचं ठरवलंय." पुन्हा लाल बदाम आले. मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले.

पुढचं सगळं नवऱ्याने केलं. त्याने काही वाचलं नव्हतं. त्याने सीट माळ्यावर टाकली, डायपर आणले, आणि वर्षभर हा विषयच काढला नाही. ती फटीत गेली की हा पेपर तोंडासमोर धरायचा. साडेतीन वर्षांची असताना एकदा तिने त्याचं बोट धरून त्याला बाथरूमपाशी नेलं. मी मागोमाग गेले, आनंदाने गेले. तिने वळून बघितलं आणि म्हणाली, "आई बाहेर." नवऱ्याने माझ्याकडे ओशाळून बघत दार लावलं. आतून त्याच्या हसण्याचा आवाज आला, मग तिच्या. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. झालं ते चांगलंच झालं होतं, तरी मला रडू आवरेना.

आता ती पाच वर्षांची आहे. सिनिअर केजीत जाते. बहुतेक वेळा सगळं सुरळीत असतं. पण घरी पाहुणे आले, कुठे गावाला गेलो, मी कशावरून तरी आवाज चढवला की ती पुन्हा दोनतीन दिवस रोखून धरते. मला तिच्या चालीवरून कळतं. हल्ली मलाही चेहरा बघून कळतं, फक्त त्याचा उपयोग नाही, कारण मी जवळ गेले की ती "काही नाही होत मला" म्हणते आणि ताठ होते. सासूबाई अजून म्हणतात, हे सगळं त्या डायपरने केलं. मी हो म्हणते. डॉक्टर म्हणतात, वयाबरोबर जाईल. जाईलही. पोट सुधारेल. मला भीती पोटाची नाहीच. मला भीती ही आहे की ह्या मुलीला उद्या काही दुखलं, कुणी काही केलं, तिच्याकडून काही चुकलं, तर ती ते कुणाला सांगेल. मला सांगावं असं मी तिच्यासाठी काय ठेवलंय?

परवा नवऱ्याला सुट्टी होती, म्हणून तिला शाळेतून आणायला तो गेला होता. मी आत गवार मोडत होते. दार उघडल्याचा आवाज आला, पण नेहमीची धावाधाव नाही. दोघं दाराशीच कुजबुजत होते.

"बाबा, आईला सांगू नको."

"नाही सांगत. बूट काढ आधी."

तो आत आला. त्याच्या हातात गाठ मारलेली पिशवी होती. शाळेत तिला दुसरा फ्रॉक घालून पाठवलं होतं. "सरबत सांडलं तिच्या अंगावर," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मी म्हटलं, "ठेव, धुते मी."

मोरीत गाठ सोडली आणि वासाने कळलंच. युनिफॉर्म, चड्डी, मोजे, सगळंच. शाळेत, सगळ्यांसमोर झालं असणार. किती घाबरली असेल, किती हसली असतील पोरं. मला वाटलं धावत जावं, तिला जवळ घ्यावं, म्हणावं की काही हरकत नाही गं, काही हरकत नाही. मान वर केली तर ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. माझ्या हातातल्या कपड्यांकडे बघत नव्हती, माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी काय बोलते याची वाट बघत होती. पाय एकमेकांवर घट्ट दाबलेले.

मी जागची हलले असते तर ती पळाली असती. म्हणून मी खाली बघून साबण लावत राहिले. "बराच डाग पडलाय सरबताचा," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली, "अख्खा ग्लासच सांडला." आणि मला ते पटलं म्हणून तिला इतकं हायसं वाटलं, की ती उड्या मारतच बाबाकडे गेली.